मागच्या दाराने येणारी मंडळी

रविवारची उपासना संपली की भिंगरी चर्चच्या दारात उभी राही आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाचा हात हातात घेई. त्या रविवारीही तिने घेतला. कुणी तिचा गाल ओढला, कुणी "किती वाळलीस गं" म्हणालं, निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी तिच्या झग्याची कॉलर सरळ केली. "छान बोललीस हं," असं बहुतेक सगळेच म्हणाले, पण शाळेच्या कार्यक्रमात न अडखळता कविता म्हणणाऱ्या मुलीला म्हणावं तसं. मग मंडळी पायऱ्या उतरली, कोपऱ्यावर वळली, आणि त्यातली निम्मीशिम्मी पाळकगृहाच्या मागच्या गल्लीत शिरली.

मागच्या गल्लीत आत्याच्या स्वयंपाकघराचं दार होतं. त्या दाराआड आजोबा होते.

आजोबा निवृत्त झाले तेव्हा मंडळीने नवा पाळक म्हणून दुसरं नाव मनात आणलंसुद्धा नाही. सगळ्यांनी हात वर करून त्यांच्या नातीला, भिंगरीलाच बोलावलं. तिचं हे नावही मंडळीनेच ठेवलेलं. लहानपणी प्रार्थना चालू असताना ती बाकांच्या मधल्या वाटेत गरगरा फिरायची, आणि समोर आजोबा डोळे मिटून कळवळून बोलत असताना अख्खी मंडळी डोळे किलकिले करून तिच्याकडे बघत असायची. तिच्यावर त्यांचा जीव होता. अडचण नेमकी तीच होती. जिचं नाक आपण आपल्या रुमालाने पुसलं, तिच्यासमोर बसून आपल्या मनातलं कसं काय उकलायचं?

म्हणून पुढच्या बाजूची भेटीची खोली ओस पडलेली असे आणि मागचं फाटक सारखं कुरकुरत असे. मंडळीच्या पंचांनी आजोबांना आणि आत्याला राहायला मागच्या दोन खोल्या दिल्या होत्या. त्या दोन खोल्यांत सध्या सबंध मंडळी मावत होती.

त्या दिवशी दादा जेवायला आला होता. दादा म्हणजे आजोबांचा मुलगा, आत्याचा थोरला भाऊ आणि भिंगरीचा बाप. घरात सगळे त्याला दादाच म्हणत, भिंगरीसुद्धा. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. उंच इमारतींच्या गच्चीवर, मशीनच्या खोलीत त्याचा दिवस जायचा. चर्चमध्ये तो लग्नाला नाहीतर मयताला येई, आणि तेव्हाही दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसे. मुलगी पाळक झाली त्या दिवशी मात्र तो पहिल्या बाकावर बसून ढसाढसा रडला होता आणि नंतर सगळ्यांना, डोळ्यांत पंख्याचा वारा गेला, असं सांगत सुटला होता.

आत्याने सूपचं पातेलं टेबलावर ठेवलं आणि दार लोटून घेतलं. ते तिने लोटलं न लोटलं तोच बाहेरून पुन्हा ढकललं गेलं.

"एकच मिनिट घेतो," असं म्हणत चष्मेवाले काका आत आले.

चष्मेवाले काका पंचांचे प्रमुख. गावातल्या प्रत्येकाच्या डोळ्यांचा नंबर त्यांना तोंडपाठ. टेबलाशी भिंगरी बसलेली दिसली आणि त्यांनी स्वतःचा चष्मा काढून पुसायला घेतला.

"बेकरीवाल्या मावशींचा निरोप आहे," ते आजोबांना म्हणाले. "त्यांच्या मुलीचं लग्न. त्यांची फार इच्छा आहे, की ते मोठ्या पाळकांनी लावावं."

"ते तर मी लावतेय काका," भिंगरी म्हणाली. "तारीख मीच दिली ना."

"तूच! तूच लावणार! तू असशीलच की बाजूला. गीतं सांग, प्रार्थना कर. फक्त त्या शपथा तेवढ्या मोठ्यांनी..."

"आणि अंगठ्या?"

"अंगठ्याही त्यांनीच घालायला सांगितल्या तर बरं दिसेल."

"आणि आशीर्वाद?"

काकांनी चष्म्याची दुसरी काच पुसली. "आशीर्वाद तर काय, मोठ्यांचाच असतो गं."

"म्हणजे मी दार उघडायचं आणि खुर्च्या मांडायच्या."

"खुर्च्या तरुण मुलं मांडतात," काका घाईघाईने म्हणाले. "तू नको हां उचलू."

आत्या पातेल्याआडून आपल्या वडिलांकडे बघत होती. आजोबांचा चेहरा अगदी गंभीर होता, पण त्यांचे कान लाल झाले होते. त्यांना आनंद झाला की कान लाल होत, आणि हे त्यांना स्वतःला आयुष्यात कधी कळलं नव्हतं.

"विचार करून सांगतो," आजोबा म्हणाले.

काका गेले. दादाने चमचा खाली ठेवला.

"यात विचार काय करायचाय बाबा? नाही म्हणायचं!"

"अरे, त्या बाईचं स्वतःचं लग्न मी लावलंय. तिच्या नवऱ्याला मी पोचवलंय. इतक्या प्रेमाने विचारतात..."

"प्रेमाने! आयुष्यभर प्रेमानेच खाल्लंय त्यांनी तुम्हाला. आता माझ्या मुलीलाही खाणार, आणि तेही तुमच्याच हाताने. तुम्ही माझ्याकडे चला राहायला. फ्लॅटमध्ये एक खोली मोकळी आहे. इथून बसने तासभर लागतो. तिथवर कुणी आपली दुःखं घेऊन येणार नाही."

"त्यांना इथून हलवलंस तर ते आठवडाभरात आजारी पडतील," आत्या कडाडली. "माणसांत राहिलेला माणूस तो. तुझ्या फ्लॅटमध्ये काय लिफ्टशी बोलेल?"

"आत्याचं बरोबर आहे," भिंगरी म्हणाली.

दादा तिच्याकडे बघतच राहिला. "अगं, मी तुझ्यासाठी भांडतोय!"

"माहितीये. पण आजोबांना घालवून मंडळी माझ्याकडे येणार नाही दादा. ती तासभर बसने जाईल."

हे इतकं खरं होतं की दादाला हसू आलं. आत्याही हसली, आणि हसता हसता ओढणीने कपाळ पुसून खुर्चीत बसली.

"जाऊ मात्र कुठे नका बाबा," ती म्हणाली. "पण एक सांगते, माझं स्वयंपाकघर मला परत पाहिजे. काल मी ऑर्गनवर वाजवायची गीतं बघायला बसले, तर इथे या टेबलावर एक जण रडत होता आणि दुसरा त्याच्या मागे उभा राहून आपल्या रडण्याची वाट बघत होता. मी त्या दोघांना चहा केला. मी लहान होते तेव्हा आई चहा करायची, आता मी करते. या मंडळीच्या डोळ्यांतून जेवढं पाणी गेलं असेल ना, त्याच्या दुप्पट माझ्या किटलीतून गेलंय."

"तू कधी बोलली नाहीस," आजोबा म्हणाले.

"बोलायला तुम्ही रिकामे कधी होता?"

आजोबांचे कान आता लाल नव्हते. दादाने ते पाहिलं, आणि बोलू नये असं वाटत असतानाच तो बोलून गेला.

"रिकामे नसायचेच. मी एकदा रांग लावली होती."

"कसली रांग?" भिंगरीने विचारलं.

"भेटीच्या खोलीबाहेर. शाळेत जायला लागलो होतो नुकताच. बाहेरच्या बाकावर मोठ्या माणसांच्या मधे जाऊन बसलो. नंबर लागला. बाबांनी दार उघडलं आणि म्हणाले, 'काय रे, जा आत खेळ.' मी म्हटलं, 'मला भेटायचंय. मी पाप केलंय.'"

"कसलं पाप?"

"बेकरीतून पाव चोरला, म्हणालो."

"चोरला होतास?"

"छे! चोरायला वेळ कुठे होता? मी रांगेत बसलो होतो ना." दादा हसायला लागला. "बाबांनी मला त्या मोठ्या खुर्चीत बसवलं. माझा हात हातात घेतला. भूक लागली होती का, भीती वाटली का, आता कसं वाटतंय, सगळं विचारलं. इतका वेळ ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते. मग आम्ही दोघांनी डोळे मिटून माफी मागितली. मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की पुढच्या आठवड्यात मी काच फोडली म्हणून परत गेलो."

"आणि त्याच्या पुढच्या?" आत्याने डोळे पुसत विचारलं. हसून हसून तिच्या डोळ्यांना पाणी आलं होतं.

"त्याच्या पुढच्या आठवड्यात मला पापच सुचेना. संपली सगळी."

टेबलाभोवती हशा उसळला. आजोबा मात्र सूपमध्ये पावाचा तुकडा बुडवून तसाच धरून बसले होते.

"मी बेकरीत विचारलं होतं," ते म्हणाले. "तेव्हा बेकरीवालीचे सासरे बसायचे गल्ल्यावर. ते म्हणाले, पाव तर सगळे जागेवर आहेत."

दादा थांबला. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग मला बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, तर तू परत आला नसतास."

पावाचा तुकडा भिजून वाटीत पडला. दादाने पातेलं पुढे ओढलं आणि वडिलांना आणखी सूप वाढलं. बापाला आपल्या हाताने वाढायची त्याची ती पहिलीच वेळ असावी, कारण निम्मं सूप टेबलावर सांडलं आणि आत्या एक अक्षरही बोलली नाही.

*

मंगळवारी दुपारी भेटीची वेळ सुरू झाली तेव्हा आजोबांनी कोट घातला. बूट पुसले. आत्याने विचारलं, "कुठे?" तर म्हणाले, "जरा काम आहे." आतल्या बोळातून भेटीची खोली चार पावलांवर होती. पण आजोबा मागच्या फाटकाने बाहेर पडले, सगळी गल्ली चालून गेले, आणि मोठ्या रस्त्याने वळसा घालून पुढच्या दाराकडे निघाले.

बेकरीसमोरून जाताना मावशी कोपरापर्यंत पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आल्या.

"पाळकसाहेब, या उन्हात कुठे निघालात?"

"पाळकांना भेटायला."

"कुठल्या पाळकांना?"

"आपल्या. दुसरे कुठले?"

मावशी उंबऱ्यावर तशाच उभ्या राहिल्या. चष्म्याच्या दुकानातही हाच संवाद झाला. मुख्याध्यापिकाबाई खिडकीत बसल्या होत्या, त्यांनी न विचारताच ऐकलं. आजोबा मुद्दाम हळू चालत होते असं कुणी म्हणालं असतं तर त्यांनी ते नाकारलं असतं, पण बूट मात्र त्यांनी खरंच उगाच पुसलेले नव्हते.

पुढच्या दाराशी आल्यावर मात्र त्यांचा रुबाब उतरला. त्यांनी घंटा वाजवली. हे दार त्यांनी इतकी वर्षं आतून उघडलं होतं, बाहेर असं ताटकळत कधी उभे राहिले नव्हते.

"आजोबा?" भिंगरीने दार उघडलं. "मागून का नाही आलात? बरं नाही का वाटत?"

"वेळ घेतलेली नाही. बसू का थोडा?"

ती काही बोलणार होती, पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून थांबली. "या ना. बसा."

ते भेटायला येणाऱ्यांच्या खुर्चीत बसले. समोरच्या खिडकीतून ऊन थेट डोळ्यांवर आलं आणि टेबलापलीकडचा भिंगरीचा चेहरा दिसेनासा झाला.

"ही खुर्ची अशी आहे?" ते डोळ्यांवर हात धरून म्हणाले. "कुणी कधी बोललं नाही मला!"

"तुमच्यासमोर कोण बोलणार?" ती उठली. तिने त्यांची खुर्ची सावलीत ओढली, आपलीही त्यांच्या शेजारी आणली आणि बसली. मग गप्प राहिली.

आजोबा या गप्पपणाला चांगले ओळखून होते. तो त्यांनीच तिला शिकवला होता. पण त्याच्या या बाजूला बसल्यावर तो फारच मोठा वाटत होता.

"फाटक वाजलं की मला बरं वाटतं," ते शेवटी म्हणाले. "माणसं तुझ्याकडे पाठवायला हवीत, मला कळतं. रोज सकाळी ठरवतो. आणि फाटक वाजलं की विसरतो. ती आली नाहीत तर मी कोण, तेच मला कळत नाही गं."

भिंगरीने हळूच मान हलवली.

"आणि ती माझ्याशी बोलतात तोवर मला माझं काही बोलावं लागत नाही." त्यांनी कोटाचं बटण काढलं, पुन्हा लावलं. "तुझी आजी गेली तेव्हा तिची सगळी उपासना मीच केली. लोक अजून म्हणतात, किती धीराने बोललात. कबरीवरून परत येताना मी एकेकाच्या खांद्यावर हात ठेवत होतो. बेकरीवाली रडत होती, तिला मी शांत केलं. चष्मेवाल्याला शांत केलं. त्या दिवशी सगळ्यांना पाळक होता, भिंगरी. मला नव्हता."

भिंगरीने त्यांचा हात हातात घेतला. "कशी होती ती? सांगा ना."

"तुला माहीत नाही का?"

"मला माझी आजी माहितीये. तुमची बायको कुठे माहितीये?"

आजोबांनी कोटाचं बटण पुन्हा काढलं. मग ते एकदम म्हणाले, "खोकायची."

"आजी? तिची छाती तर ठणठणीत होती."

"ठणठणीतच होती! मी लांबण लावली की ती तिसऱ्या बाकावरून खोकायची. एकदा खोकली की समजायचं, आवरा. दोनदा खोकली की आमेन. मंडळीला वाटायचं तिला दमा आहे. कुणी मध आणून द्यायचं, कुणी औषधाच्या बाटल्या. कपाट भरलं होतं बाटल्यांनी! आम्ही दोघं घरी हसून हसून..." त्यांना हसू आवरेना. त्या हसण्यातच त्यांचा आवाज फाटला. "ती गेल्यापासून मी किती लांब बोलायला लागलो होतो. कुणी खोकलंच नाही."

आणि मग, ज्या खोलीत त्यांनी इतक्या माणसांना रडू दिलं होतं, तिथे आजोबा रडले. भिंगरीने त्यांना थांबवलं नाही, समजावलं नाही. शेवटी तिने त्यांच्या पांढऱ्या केसांवर हात ठेवून लहानशी प्रार्थना केली. ती खरोखरच लहान होती. डोळे पुसता पुसता आजोबांच्या मनात आलं, हिच्यासाठी कुणाला खोकायची गरज पडणार नाही.

त्यांनी बाहेर पडायला दार उघडलं तर समोरच्या बाकावर बेकरीवाल्या मावशी आणि मुख्याध्यापिकाबाई बसलेल्या. दोघी एकदम उठल्या.

"आम्ही आपलं सहज," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या.

मावशी त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. "तुम्ही रडलात?"

"हो."

"आणि ती काय म्हणाली?"

"काही नाही. ऐकलं तिने." आजोबांनी कोट झटकला. "किती बरं वाटतंय म्हणून सांगू! बरं, नंबर कुणाचा आहे?"

*

मावशी खुर्चीत बसल्या, पण अगदी कडेवर, केव्हाही उठून जाता यावं अशा. भिंगरीने खुर्च्या हलवल्या नव्हत्या.

"लहानपणी तू रडायला लागलीस की मी तुला बन देऊन गप्प करायचे," मावशी म्हणाल्या.

"आता मी गप्प बसते. तुम्ही बोला."

मावशींनी नखातलं पीठ काढायला घेतलं. बोटं स्वच्छ झाली तरी त्या काढत राहिल्या.

"मुलीच्या लग्नाचा मला आनंद होत नाहीये," त्या म्हणाल्या. "मुलगा चांगला आहे. ती खूश आहे. मी सगळ्यांना हसून पेढे... काय ते, केक वाटतेय. आणि मनातून वाटतं, मोडलं तर बरं होईल. आई असून असं वाटतं मला! पहाटे भट्टी पेटवायला आम्ही दोघी उठतो. ती झोपेतच बडबडत असते, मी नुसतं हूं हूं करते. आता मी कुणाला हूं म्हणू?"

"हूं," भिंगरी म्हणाली.

"मोठे पाळक उभे राहिले असते ना, तर वाटलं असतं की काही बदललेलं नाही. माझंही त्यांनीच लावलं होतं. म्हणून म्हटलं मी. तुझ्यावर राग नव्हता गं."

"मला वाटलं मी कच्ची वाटते तुम्हाला."

"कच्ची तर आहेसच. भाजायला वेळ लागतो." मावशी पहिल्यांदाच मोकळं हसल्या. त्या बऱ्याच वेळाने उठल्या, तेव्हा दाराशी जाऊन परत वळल्या. "लग्न तूच लाव. फक्त मला रडू आलं तर थांब जरा. एकदम पुढे जाऊ नको."

"किती थांबू?"

"मला काय माहीत? आवरेपर्यंत."

बाहेर मुख्याध्यापिकाबाई अजून बसल्या होत्या. मावशी त्यांना म्हणाल्या, "जा आत. पाळक मोकळ्या आहेत."

*

लग्नाला आजोबा पहिल्यांदाच बाकावर बसले; निवृत्त झाल्यावरही त्यांची खुर्ची पुढेच असे. दादा त्यांच्या शेजारी होता, पलीकडे त्याची बायको, म्हणजे भिंगरीची आई. आत्या ऑर्गनवर बोटं मोकळी करत होती. बऱ्याच दिवसांत कुणी तिच्या टेबलावर रडलं नव्हतं, त्यामुळे तिचा सराव इतका झाला होता की नवरी येण्याआधीच ती दोन गीतं जास्तीची वाजवून मोकळी झाली.

"हे बाक एवढं टणक आहे?" आजोबा कुजबुजले.

"मंडळी जन्मभर यावरच बसलीये बाबा," दादा म्हणाला.

"आणि मी तासतासभर बोलायचो?"

"दीड."

शपथांची वेळ आली. नवरा आपली शपथ मोठ्याने बोलला. भिंगरी नवरीकडे वळली, तोंड उघडलं, आणि थांबली. सगळे वाट बघत राहिले. ती पुढे बोलेना. चर्चमध्ये चुळबूळ सुरू झाली. चष्मेवाल्या काकांनी चष्मा काढला. हळूहळू एकेक मान वळली आणि सगळ्यांचे डोळे आजोबांवर येऊन थांबले.

ती शब्द विसरली, दादाला वाटलं. शेजारी आजोबांचे ओठ हलू लागले होते. ते शब्द झोपेतही त्यांच्या तोंडी असत, आणि आता ते मोठ्याने सुचवणार, एवढ्यात दादाला आपल्या मुलीचा चेहरा दिसला. त्यावर भीतीचा मागमूसही नव्हता. ती पहिल्या बाकाकडे बघत होती. दादाने वडिलांच्या गुडघ्यावर हात ठेवून दाबला.

आजोबांनी मान वळवून त्याच दिशेला पाहिलं. पहिल्या बाकावर बेकरीवाल्या मावशींनी रुमालात तोंड लपवलं होतं आणि त्यांचे खांदे हलत होते. आजोबांनी ओठ मिटून घेतले.

कुणालाच घाई करता आली नाही. मावशींनी नाक पुसलं, रुमाल पर्समध्ये ठेवला, मुलीकडे बघून हसल्या, आणि भिंगरीला मानेनेच, चल, म्हणाल्या. भिंगरीने नवरीकडे पाहिलं आणि शपथ एका दमात, एकही शब्द न चुकता सांगितली.

नंतर अंगणात केक कापताना अर्धी मंडळी एकमेकांना सांगत होती, पोर घाबरली पण सावरली हं. भिंगरीनेही कुणाची समजूत काढली नाही. "हो ना, काय गोंधळ झाला बघा," असं म्हणत ती हसत राहिली. मावशी केकचे तुकडे वाटत होत्या. पहिला तुकडा त्यांनी तिच्या हातात ठेवला.

आजोबांना अंगणात कुणी तरी बाजूला ओढलं आणि हलक्या आवाजात काही सांगू लागलं. दादा लांबून बघत होता. आजोबांनी अगदी मन लावून ऐकलं, खांद्यावर हात ठेवला, आणि मग त्या माणसाला तसंच धरून, गर्दीतून वाट काढत भिंगरीपर्यंत नेऊन सोडलं. परत आले तेव्हा त्यांचे कान थोडे फिके होते.

"जड जातं?" दादाने विचारलं.

"जातं," आजोबा म्हणाले. "उद्या सबंध दिवस मला काहीच काम नाही रे."

"मला आहे. येता का?"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा एका उंच इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनच्या खोलीत उलट्या खोक्यावर बसले होते. मुलगा इतकी वर्षं काय करतो, हे त्यांनी आजवर पाहिलंच नव्हतं. खोलीत तेलाचा वास होता. मोठ्या चाकावरून जाड तारांचे दोर खाली अंधारात उतरत होते. दादा गुडघ्यांवर बसून ब्रेक उघडत होता आणि आजोबा एकेका वस्तूकडे बोट दाखवून, हे काय, ते काय, विचारत होते. दादा सांगत होता. काम कधीच संपलं असतं, पण तो प्रत्येक गोष्ट दोनदा सांगत होता.

"आणि हा दोर तुटला तर?"

"तुटत नाही. एकाच्या जोडीला आणखी असतात."

"सगळेच तुटले तर?"

"तरी लिफ्ट खाली पडत नाही. तिच्या पोटाशी पकड असते. वेग वाढला की ती आपोआप दोन्ही बाजूंचे रूळ घट्ट धरते. आतल्या माणसाला ती कधी दिसत नाही. त्याला तर माहीतही नसतं की ती आहे."

आजोबा खोक्यावर सरसावून बसले. त्यांच्या डोळ्यांत एकदम चमक आली. त्यांनी एक हात वर उचलला.

"बघ हं, म्हणजे माणसाच्या आयुष्यातसुद्धा..."

"बाबा," दादा वर न बघता म्हणाला, "प्रवचन नको. टॉर्च नीट धरा."

आजोबांनी हात खाली घेतला आणि दोन्ही हातांनी टॉर्च धरला.

"इकडे?"

"जरा डावीकडे," दादा म्हणाला. "हां. बास. आता हलू नका."